अर्ध्या पुस्तकांचं कपाट

लग्न ठरवताना लोक मुलाचा पगार बघतात, सासूचा स्वभाव बघतात, घरात पाणी किती वेळ येतं तेही विचारतात. कपाटं कुणी बघत नाही. चष्मेवालीनेही बघितली नव्हती, आणि बघितली असती तरी तिला काय कळणार होतं म्हणा. पुढच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच, काचेचं एक अरुंद कपाट होतं. त्याला कुलूप होतं आणि आत तीनच पुस्तकं होती.

तिला चष्मेवाली म्हणायचे ते तिच्या नोकरीमुळे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचांच्या कडा घासायची आणि त्या फ्रेममध्ये बसवायची. सासरच्यांनी हे नाव थट्टेत ठेवलं आणि ते असं चिकटलं की तिच्या पोटच्या पोरीलाही आईचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर वाचून कळलं.

सासर म्हणजे वाचणाऱ्यांचं घर. एखादं घर डॉक्टरांचं असतं, एखादं भांडखोरांचं असतं, तसं हे वाचणाऱ्यांचं. पानात टाकायचं नाही आणि पुस्तक अर्धं सोडायचं नाही, हे दोन नियम तिथे एका दमात सांगितले जायचे. सासरे कालवे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, ताठ कण्याचे, कमी बोलणारे. पाहुणा आला की ते त्या काचेच्या कपाटासमोर त्याला उभं करायचे. घरातलं कुणी गेलं की त्याच्या उशाशी असलेलं पुस्तक, खूण जिथे असेल तिथेच ठेवून, त्या कपाटात जायचं. पहिलं सासऱ्यांच्या वडिलांचं. दुसरं त्यांच्या थोरल्या भावाचं. तिसरं सासूबाईंचं, जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीचं, थोर विचारांचं, मधोमध रेशमी फीत. "ही आमची अर्धी राहिलेली माणसं," सासरे म्हणायचे, आणि पाहुण्याला चहा गिळवत नसे.

पुस्तक अर्धं सोडलं तर माणूस मरतो, असं त्या घरात कुणीही, कधीही म्हणालं नाही. म्हणायची गरजच काय? समोर कपाट, कपाटात अर्धी पुस्तकं आणि त्या पुस्तकांची माणसं गेलेली. मोठी माणसं असल्या गोष्टीला हसतात आणि लक्षात ठेवतात. तिचा नवराच बघा. लहानपणी अंगात ताप असताना आपण रेल्वेच्या रुळांविषयीचं पुस्तक कसं संपवलं, हे तो हसतहसत सांगायचा. आता मात्र कितीतरी वर्षांत त्याने एकही पुस्तक हातात घेतलं नव्हतं. वेळ मिळत नाही म्हणायचा. सुरूच केलं नाही तर सोडायची वेळ येत नाही, हे त्याचं खरं कारण होतं, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नसावं.

चष्मेवालीचं माहेर याच्या अगदी उलटं. तिथे पुस्तकं पलंगाखाली, खिडकीत, पिठाच्या डब्यावर पालथी पडलेली. तिची आई भाजी ढवळताना एक वाचायची, झोपताना दुसरं, आणि कंटाळा आला की कुठलंही फेकून द्यायची. चष्मेवालीला खुनाच्या कादंबऱ्या आवडायच्या. त्याही ती शेवटाकडून वाचायची. खून कुणी केला ते आधी बघायचं, आणि माणूस बरा वाटला तर मग सुरुवात करायची. सासरी हे कुणाला सांगणार? खाकी कव्हर घालून ती कादंबऱ्या डब्याच्या पिशवीत न्यायची, जेवणाच्या सुट्टीत काच घासायच्या यंत्रामागे बसून वाचायची आणि घरी विचारलं की सांगायची, सध्या एक चरित्र चाललंय. लाज वाटायची तिला. चोरी नाही, चहाडी नाही, आणि तरी बाईमाणूस चोरासारखं वाचत होतं.

तिची मुलगी, ठकी, आजोबांची लाडकी. शाळेतली पुस्तकं संपवून तिने एक दिवस आजोबांच्या फळीवरचा 'कालव्यांचा इतिहास' उचलला. ते पुस्तक दाराला अडसर म्हणून लावलं असतं तर दार हललं नसतं. आत नकाशे, तक्ते, पाण्याचे हिशेब, आणि विनोद म्हणावा असं एक वाक्य नाही. पण आजोबांची छाती अशी फुगली की त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "माझी नात कालव्यांचा इतिहास वाचते." पोर अडकली. आजोबांनीही ते पुस्तक नोकरी म्हणून वाचलं होतं, गंमत म्हणून नाही, हे तिला कोण सांगणार?

आणि मग आजोबांचा श्वास अडकायला लागला. आधी जिना चढताना, मग बसल्याबसल्या. डॉक्टरांनी दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं. घरून निघताना त्यांनी ठकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कुठपर्यंत आलं?" सहज विचारलं त्यांनी. लोक हवापाणी विचारतात तसं.

त्या दिवसापासून ठकी बदलली. जेवताना पुस्तक, केस विंचरताना पुस्तक. ओठ हलत असायचे, डोळे तांबारलेले. चष्मेवालीने मागून बघितलं, तर पोरगी पान उलटतच नव्हती. खालच्या ओळीपर्यंत जायची, थबकायची, मान हलवायची आणि पुन्हा वरून सुरू करायची. आणि एक हात सारखा भुवईशी. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांसाठी काम करणारी बाई ती, पण स्वतःच्या पोरीची डावी भुवई विरळ झालीय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा भुवई जवळजवळ संपली होती. एकेक केस उपटून पोरीने तो खुणेच्या पानात ठेवला होता.

"ठके, हे काय चालवलंयस?"

"काही नाही."

"कंटाळा आलाय ना? मग ठेव ते. दुसरं वाच."

ठकीने आईकडे बघितलं ते असं, की जणू आई तिला रस्त्यात गाडीखाली ढकलत होती. "ठेवलं तर आजोबांचं पुस्तक कपाटात जाईल," ती म्हणाली. "आणि मन दुसरीकडे गेलं तर ते पान धरायचं नाही. परत वाचायचं. नाहीतर फसवल्यासारखं होतं."

"कोणाला फसवल्यासारखं?"

ठकीने मागे वळून काचेच्या कपाटाकडे बघितलं.

आता आईने काय करावं? तिने ठरवलं, खरं सांगून टाकायचं. ती पोरीच्या शेजारी बसली, पिशवीतून खाकी कव्हराचं पुस्तक काढलं आणि इतकी वर्षं नवऱ्यालाही न सांगितलेलं सगळं सांगितलं. मी शेवट आधी वाचते. मी पुस्तकं अर्धी सोडते, एक नाही, ढिगाने. काही होत नाही. हे बघ, मी धडधाकट आहे.

ठकीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा तू कुठलं सोडलं होतंस?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चष्मेवाली हसायला गेली आणि हसू ओठांवरच राहिलं. कारण तिला आठवलं. पिवळ्या मुखपृष्ठाचं होतं, जहाजावरच्या खुनाचं. पहिल्या काही पानांतच कंटाळून तिने ते टाकलं होतं, आणि त्याच आठवड्यात माहेरून फोन आला होता. इतक्या वर्षांत तिने या दोन गोष्टी कधी शेजारीशेजारी ठेवल्या नव्हत्या. आता त्या ठेवल्या गेल्या. ठकीने आईचा चेहरा वाचला, आणि तो मात्र तिला पहिल्याच वाचनात कळला. ती पुन्हा पुस्तकात शिरली.

पोरीला सोडवायला गेलेली बाई स्वतःच अडकून आली. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका म्हाताऱ्याच्या उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली आणि मालकाची बोलणी खाल्ली. यंत्रामागे बसून तिने कादंबरी उघडली तर तिला ती वाचवेना. सोडवेना पण. हे असंच चाललं तर घरात पुस्तकाला हात लावणारं कुणी उरणार नाही, आणि पोरगी उरेल ती कशी उरेल? डबा तसाच बंद करून ती तडक दवाखान्यात गेली.

सासरे उशांना टेकून बसले होते. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, शेजारी टेबलावर एका शास्त्रज्ञाचं जाड चरित्र, आत खूण. चष्मेवालीने आडपडदा ठेवला नाही. भुवई सांगितली, परत परत वाचलेली पानं सांगितली, कपाट सांगितलं. "बाबा, ती तुमच्यासाठी वाचतेय. तुम्हीच सोडवा तिला. माझं ती ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर आता माझंही मला खरं वाटत नाही."

म्हाताऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, रागावले. मग त्यांनी मुखवटा बाजूला केला.

"तुझ्या सासूचं पुस्तक कधी हातात घेतलंयस?"

"नाही. किल्ली तुमच्याकडे असते."

"घेऊन बघ. त्याची पानंसुद्धा कापलेली नाहीत. पूर्वी पुस्तकं तशीच यायची, कडेला पानं जोडलेली, वाचताना सुरीने कापत जायची. ती रेशमी फीत आहे ना, ती मी घातली. जिथे शिरली तिथे."

चष्मेवालीला आधी नीट कळलंच नाही.

"ती गेली तेव्हा तिच्या हातात दुसरंच होतं. मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेली बाई होती. लोक भेटायला येणार, ते पुस्तक कपाटात कसं ठेवू? मी ते रद्दीवाल्याला दिलं आणि फळीवरचं जे भारदस्त दिसलं ते आत ठेवलं." त्यांनी दम घेतला. "आदल्या दिवशी वाचताना हसत होती. मोठ्याने. मी आतून म्हणालो, जरा हळू. मग हसली नाही."

"त्यांचं ते वाचून झालं होतं?"

"ते मी बघितलंच नाही," सासरे म्हणाले. "मी फक्त मुखपृष्ठ बघितलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. चष्मेवालीने आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांचा हात धरला. उशीखालून त्यांनी पाकीट काढलं आणि त्यातली बारकी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "संध्याकाळी ठकीला घेऊन ये. मी सांगतो तिला. चूक माझी, निस्तरायची मीच." मग, जरा थांबून, "आणि ते खाकी कव्हर इथे ठेवून जा."

"बाबा, ते..."

"चरित्र आहे, माहितीये मला. एकदा कव्हर फाटलं होतं तुझं. कुठल्या चरित्रावर रक्ताने माखलेला सुरा असतो गं?" पहिल्यांदाच ते हसले, आणि खोकले. "खून कुणी केला ते आधी वाचून दाखव. मला फार वेळ नाही."

तिने शेवटचं पान वाचून दाखवलं. खून माळ्याने केला होता. सासरे म्हणाले, मला पहिल्यापासून संशय होता, आणि वास्तविक त्यांनी पहिलं पान बघितलंही नव्हतं. ती निघाली तेव्हा चरित्र टेबलावर होतं आणि कादंबरी म्हाताऱ्याच्या छातीवर उघडी होती.

घराची बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. ठकी उंबऱ्यात उभी. डावी भुवई गेलेली, तोंडभर हसू. कितीतरी दिवसांनी हसली होती पोर.

"आई, संपलं. शेवटचं पानसुद्धा. दोनदा वाचलं."

चष्मेवालीने तिला जवळ घेतलं, आणि तिच्या पिशवीतला फोन वाजला. नवऱ्याचा होता. तो दवाखान्यात पोचला होता. तो काय बोलला ते ठकीला ऐकू गेलं नाही, पण ती आईच्या चेहऱ्याकडेच बघत होती. आईच्या मिठीतून ती हळूच सुटली. रडली नाही. टेबलाशी गेली, खुर्ची ओढली आणि 'कालव्यांचा इतिहास' पहिल्या पानावर उघडला.

"नकाशाचं एक पान होतं," ती म्हणाली. "त्यातली नावं मी वाचली नव्हती. नुसती बघितली होती."

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. पुढची खोली भरली. सासऱ्यांची बहीण, म्हणजे नवऱ्याची आत्या, भिंतीला टेकून बसली होती, आणि ठकी कोपऱ्यात, मांडीवर कालवे, ओठ हलताहेत. लोक तिच्याकडे बघून माना डोलावत होते. बघा, आजोबांचा वारसा. चष्मेवालीला त्या प्रत्येकाच्या कानाखाली वाजवावंसं वाटलं.

नवऱ्याने दवाखान्यातली पिशवी आणली. कपडे, चष्मा, शास्त्रज्ञाचं चरित्र. तळाला खाकी कव्हराचं काहीतरी होतं, ते त्याने परत आत सारलं. चरित्र हातात घेऊन तो कपाटापाशी गेला. ठकीचे ओठ थांबले. ती डोळे विस्फारून त्या पुस्तकाकडे, त्यातल्या खुणेकडे बघत होती, आणि तिचा हात उजव्या भुवईकडे गेला.

"किल्ली कुठे आहे?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्याकडे," चष्मेवाली म्हणाली.

गप्प बसणं किती सोपं होतं. सासरे गेले, त्यांचं गुपित गेलं, सासूबाईंचा मान राहिला, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने उजवी भुवई बघितली आणि उठली. कुलूप उघडलं. नवऱ्याच्या हातातलं चरित्र आत ठेवायच्या ऐवजी तिने सासूबाईंचं हिरवं पुस्तक बाहेर काढलं.

"अगं, हात नको लावूस," आत्या म्हणाली.

चष्मेवालीने ते ठकीच्या मांडीवर, कालव्यांच्या वर ठेवलं. "वाच."

ठकी हलेना. मग तिने फीत होती तिथे पुस्तक उघडलं आणि पुढचं पान उलटायला बोट घातलं. बोट अडकलं. मागचं पान बघितलं, तेही जोडलेलं. सुरुवातीला गेली, शेवटाला गेली. कुठेही सुरी लागलेली नव्हती.

"हे तर कुणी वाचलेलंच नाही," ठकी म्हणाली. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाही. आजी दुसरंच वाचत होती. पिस्तूलवाल्या बाईचं. आजोबांना लाज वाटली म्हणून त्यांनी हे ठेवलं. काल त्यांनीच सांगितलं मला. तुला स्वतः सांगणार होते." तिने पिशवीतून खाकी कव्हराचं पुस्तक काढलं आणि कव्हर टराटरा फाडलं. रक्ताने माखलेला सुरा भर खोलीत दिसला. "आणि आजोबा हे वाचत होते. माझं आहे. मी नेहमी असलीच वाचते."

"आत्ता सांगायचं होतं हे?" नवरा म्हणाला. "या वेळी?"

"मग कधी? तिची दुसरी भुवई गेल्यावर?"

तेव्हा कुठे त्याने पोरीकडे बघितलं. बघतच राहिला. मग हातातलं चरित्र घेऊन तो मटकन खाली बसला.

आत्या मात्र पदराआडून म्हणाली, "वहिनी हसायची. रात्रंदिवस हसायची वाचताना." आणि ती रडायला लागली.

ठकीने विचारलं, "आजीचं पूर्ण झालं होतं का?"

खोटं बोलावंसं चष्मेवालीला फार वाटलं. "माहीत नाही. कुणी बघितलंच नाही."

ठकी विचारात पडली. अर्धं की पूर्ण, हे कुणाला माहीतच नसेल तर हिशेब जमवायचा कसा? तिने हिरवं पुस्तक खाली ठेवलं, सुऱ्याचं पुस्तक ओढून घेतलं आणि आजोबांची खूण कुठे आहे ते शोधलं. खूण नव्हतीच. एका पानाचा कोपरा मात्र दुमडलेला होता. कोपरा दुमडल्याबद्दल या घरात पोरांनी मार खाल्लेला.

"शेवट आधी वाचला तर चालतो?"

"आजोबांनी तोच आधी ऐकला," आई म्हणाली.

पुढचे काही दिवस ठकीने ती कादंबरी वाचली. 'कालव्यांचा इतिहास' फळीवर परत गेला. हिरव्या पुस्तकाची पानं नवऱ्याने एका दुपारी सुरीने कापली, पण वाचलं काही नाही. कपाटाला कुलूप लागलं नाही, तरी येताजाता सगळ्यांची नजर तिकडे जायचीच. अशा गोष्टी एका दिवसात जात नाहीत.

मग एका संध्याकाळी ठकीने सुऱ्याचं पुस्तक टेबलावर पालथं टाकलं. पुष्कळ पानं उरली होती. "कंटाळा आला," ती म्हणाली. "तो पोलीस फार बोलतो." आणि खेळायला गेली.

नवऱ्याने उगाच गॅसचा नळ दोनदा तपासला. चष्मेवालीने सुऱ्या आत ठेवल्या, खिडक्या लावल्या, आणि जिन्यावर ठकीची पावलं वाजेपर्यंत दारातच उभी राहिली. त्या संध्याकाळी घरात सगळे जरा जपूनच वावरत होते.

सकाळी चहाला तिघंही होती. ठकीच्या डाव्या भुवईच्या जागी बारीक केस उगवायला लागले होते. तिने बशी सरकवली आणि विचारलं, "आई, तुझ्याकडे दुसरं काही आहे का वाचायला?"